डोळ्यातले कुसळ

वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात तिचा पाया घातला, आणि पुढे तालुक्याच्या गावीही चैत्र-वैशाखात मांडव पडू लागले. अशा मांडवात आमच्यासारख्या कामगार-कार्यकर्त्याने मजुरीचे दर, कामाचे तास, फार तर कायद्याची कलमे यांवर बोलावे अशी अपेक्षा असते. आम्ही मात्र डोळ्यांवर बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि मोर्चात झाले. तरीही हा विषय आम्ही घेतला, त्याला एक कारण घडले.

बरीच वर्षे झाली. आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात ऊसतोडीला आलेल्या एका टोळीतील बाईच्या डोळ्याला मोळी बांधताना उसाच्या पात्याचा काठ लागला. हा काठ करवतीसारखा असतो, हे ज्याने ऊस तोडला आहे त्याला सांगावयास नको. डोळ्यातून पाणी आले. तिने पदराच्या बोळ्याने डोळा शेकला आणि काम चालू ठेवले. कारण एक दिवस पालावर बसले तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात वळते होतात. तिसऱ्या दिवशी मुकादमाने बाजारच्या गावाहून थेंबांची बाटली आणून दिली. दोन दिवसांत लाली गेली, बरे वाटले. आठव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, आणि महिनाभरात डोळा गेला. नुकसानभरपाईचा अर्ज आम्ही लिहिला. एका कचेरीत आम्हांला उत्तर मिळाले, "डोळा बुरशीने गेला असे तुमच्याच दाखल्यात लिहिले आहे. बुरशी हा रोग आहे, अपघात नव्हे."

त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. पण त्या एका वाक्याने आम्हांला नेत्ररोगांची पुस्तके उघडावयास लावली. डोळा लाल का होतो, कोणाचा होतो आणि कोठे होतो, हा निव्वळ वैद्यकाचा प्रश्न नसून कामाचा आणि राहणीचा प्रश्न आहे, हे तेव्हा ध्यानात आले. जे समजले ते सोपे करून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम दाह म्हणजे काय ते पाहू. शरीरात परके काही शिरले, मग ते जंतू असोत, धूळ असो की चुना असो, म्हणजे त्या ठिकाणी रक्ताचा ओघ वाढतो, रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावतात, सूज येते, दुखते. हा शरीराचा प्रतिकार आहे. आमच्या भाषेत सांगावयाचे तर दाह हा शरीराने पुकारलेला संप आहे. संपाने थोडे नुकसान होते हे खरे, पण त्यामागे गाऱ्हाणे असते. ते गाऱ्हाणे न ऐकता केवळ संप मोडला, तर वरवर शांतता होते आणि आतला बिघाड वाढत जातो. ही गोष्ट पुढे औषधांचा विचार करताना उपयोगी पडेल.

डोळ्याला हा दाह निरनिराळ्या ठिकाणी होतो, आणि ठिकाणावरून त्याचे गांभीर्य ठरते. पांढऱ्या भागावरचे व पापण्यांच्या आतले पातळ अस्तर सुजले तर आपण 'डोळे आले' म्हणतो. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला शास्त्रात पारपटल म्हणतात. तेथे जखम होऊन चिघळली तर ती भरताना पांढरा डाग राहतो, त्याला आपले लोक 'फूल पडले' म्हणतात. डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या थराला दाह झाला, तर बाहेरून फारसे दिसत नाही, पण दृष्टी आतून पोखरली जाते. म्हणजे लाल डोळा हे एकच निशाण असले तरी त्याखाली उभी असलेली माणसे निराळी असतात.

डोळे येणे हे सर्वांच्या परिचयाचे. हा रोग एकापासून दुसऱ्याला होतो हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. सुश्रुतसंहितेत माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगांत नेत्राभिष्यंदाची गणना आहे. आधुनिक काळात १९६९ साली आफ्रिकेतील घाना देशात डोळ्यांत रक्त उतरविणारी एक नवी साथ उठली. त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी तिला अपोलो यानाचे नाव दिले. १९७१ साली ती भारतात पसरली. पूर्व बंगालचे निर्वासित तेव्हा येत होते, म्हणून बंगालात तिचे नाव 'जॉय बांगला' पडले. तिचे कारण एन्टेरोव्हायरस जातीचे विषाणू. आपल्या शेजारचे उदाहरण घ्यावयाचे तर २०२३ च्या जुलै महिन्यात खेड तालुक्यातील आळंदीत शाळकरी मुलांपासून सुरू झालेल्या साथीत हजारोंचे डोळे आले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यांत एन्टेरोव्हायरसच सापडला.

साथीची जागा पाहिली की कारण समजते. पावसाळी दमट हवा, एका खोलीत दाटीने राहणारी मुले, एकच टॉवेल, एकच बादली. लाल डोळ्याकडे पाहिल्याने डोळे येतात ही समजूत खोटी आहे. रोग नजरेतून जात नाही. तो हातातून, फडक्यातून आणि उशीतून जातो. सुदैवाने बहुतेकांचे डोळे आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे होतात. स्वच्छ पाण्याने धुणे, हात धुणे, फडके वेगळे ठेवणे एवढेच पुरते.

दुसरा प्रकार वसंताचा. पाश्चात्य वैद्यांनी एका नेत्ररोगाला वसंत ऋतूचेच नाव दिले आहे, कारण त्यांच्या थंड मुलुखात तो वसंतात फुलांच्या परागाबरोबर येतो. आपल्या उष्ण देशात तो वर्षभर रेंगाळतो आणि उन्हाळ्यात वाढतो. साधारण पाच ते पंधरा वर्षांची मुले, त्यांतही मुलगे, याला अधिक बळी पडतात. असह्य खाज, उजेड न सोसणे, तारेसारखा चिकट स्राव ही त्याची लक्षणे. हा संसर्ग नव्हे; धूळ, पराग अशा पदार्थांचे हे वावडे आहे. वय वाढले की बहुधा तो निवतो. धोका रोगापेक्षा उपचारात अधिक आहे, तो असा की खाज चटकन थांबते म्हणून आईबाप तीच थेंबांची बाटली महिनोन्‌महिने वापरतात. त्या थेंबांत स्टेरॉइड असले तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो, आणि खाजेवर इलाज करता करता मुलाची दृष्टी जाते.

आता देशाच्या पातळीवर पाहू, म्हणजे रोगाचा नकाशा कसा वाचावा ते कळेल. खुपऱ्या हा रोग आजोबा-पणजोबांच्या पिढीला ठाऊक होता. लहानपणी पुन्हापुन्हा संसर्ग होतो, वरच्या पापणीत आतून दाणे येतात, त्यांचे वण आवळतात, पापणीचे केस आत वळून बुबुळावर घासतात आणि शेवटी आंधळेपण येते. १९५६ साली अलीगढ येथे याच्या अभ्यासाचा प्रकल्प सुरू झाला. पुढच्याच वर्षी चीनमधील तांग फेइफान यांनी या रोगाचा जंतू वेगळा करून वाढविल्याचे प्रसिद्ध केले. आपल्याकडे देशभर पाहणी झाली तेव्हा पंजाबात शेकडा ७९ लोकांत खुपऱ्या आढळल्या, आणि ओरिसात शेकडा अर्ध्या माणसाहूनही फारसा अधिक आकडा नव्हता. देश एक, काळ एक, पण आकड्यांत दीडशे पटींचे अंतर!

हे अंतर रक्ताचे नव्हते, नशिबाचेही नव्हते. कोरडी धुळीची हवा, माश्या, तोंड धुण्यास पाणी नाही आणि दाटीची वस्ती, हे जेथे होते तेथे खुपऱ्या होत्या. १९६३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. मलम वाटले गेले, पण मलमाबरोबर विहिरी, नळ आणि शाळाही आल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या भारतातून गेल्या आहेत. साठ वर्षे लागली, पण झाले. डोळ्याचा रोग राहणीतून येतो आणि राहणी बदलली की जातो, याचा याहून ठळक दाखला आम्हांला माहीत नाही.

पण खुपऱ्या गेल्या आणि फूल राहिले. २०१५ ते २०१९ या काळात देशात अंधत्वाची पाहणी झाली. पन्नाशीपुढील लोकांत अंधत्वाचे पहिले कारण मोतीबिंदू निघाले, शेकडा ६६. बुबुळाच्या डागांचा वाटा त्यांत शेकडा ७ होता. परंतु पन्नाशीच्या आतील लोकांत क्रम उलटला. तेथे बुबुळाचा डाग हेच पहिले कारण ठरले, शेकडा ३७ हून अधिक. याचा अर्थ असा की म्हातारपणी डोळा जातो तो मोतीबिंदूने, आणि तो शस्त्रक्रियेने परत आणता येतो. कमावत्या वयात डोळा जातो तो फुलाने, आणि तो परत आणणे फार कठीण.

हे फूल कोणाला पडते? यावर तमिळनाडूतील मदुरै जिल्ह्यात चांगला अभ्यास झाला. तेथे १९९३ साली दर लाख लोकांमागे वर्षाला ११३ जणांच्या बुबुळावर चिघळलेली जखम होत असल्याचे दिसले. अमेरिकेतील एका परगण्यात १९८० च्या दशकात हाच आकडा ११ होता. मदुरैचा दर सगळ्या भारताला लावला तर वर्षाला ८ लाख ४० हजार माणसे होतात, असा हिशेब त्या संशोधकांनी मांडला. त्याच मदुरैत १९९४ साली तपासलेल्या ४३४ रुग्णांपैकी शेकडा ६५ जणांनी आधी डोळ्याला काही लागल्याचे सांगितले. ज्यांच्या जखमेत जंतू वाढविता आले, त्यांत जवळजवळ निम्म्यांत बुरशी निघाली. थंड देशांत बुरशीने डोळा जाणे ही विरळ गोष्ट आहे. आपल्याकडे ती शेतात, पाल्यात, भुश्यात, मातीत सर्वत्र आहे, आणि तिला आत शिरण्यास फक्त एक ओरखडा लागतो. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. म्हणूनच ते पारदर्शक असते, आणि म्हणूनच तेथे शरीराची कुमकही उशिरा पोचते.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे या दृष्टीने पाहा. पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत भात, हिरडा आणि गवत. भाताची झोडणी असो की गवताची कापणी असो, कुसळ उडते ते डोळ्यात जाते. घरात चुलीचा धूर असतो, त्याने डोळा आधीच चुरचुरत असतो. मध्यभागी कुकडी, मीना आणि घोड यांच्या काठाने धरणांचे पाणी आल्यावर ऊस, द्राक्षे, टोमॅटो, कांदा आला. येथे उसाचे पाते आहे, द्राक्षबागेची तार आहे, फवारणीचे औषध आहे. पूर्वेस माळ, धूळ, मळणीयंत्राचा भुसा. शिवाय सगळीकडे गाजरगवत, आणि सगळीकडे चंचीतला चुना. चुन्याची पुडी दाबताना ती फुटून लहान मुलाच्या डोळ्यात जाते, तेव्हा दवाखाना शोधत बसू नये. प्रथम जवळ असेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा पुष्कळ वेळ धुवावा, मग दवाखाना. म्हणजे गावाचा पीकनकाशा आणि गावाच्या डोळ्यांचा नकाशा हे एकमेकांवर ठेवून वाचता येतात.

ओरखडा पडल्यावर काय होते ते आमच्या ऊसतोडीच्या बाईच्या गोष्टीत आलेच आहे. कोणी पदराच्या टोकाने, कोणी जिभेने कुसळ काढते. मग एरंडेल, आईचे दूध, मध किंवा पाल्याचा रस. यांत माया आहे, पण जंतूही आहेत. त्यानंतर दुकानातून थेंब. या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. ते दाह दाबते, म्हणजे शरीराचा संप मोडते; लाली जाते, दुखणे कमी होते, आणि पहारा उठल्यावर बुरशी मोकळी वाढते. 'दोन दिवस बरे वाटले' हे वाक्य आम्ही इतक्या जणांकडून ऐकले आहे की ते आता आम्हांला धोक्याच्या घंटेसारखे वाटते.

वस्तुतः निदान महाग नाही. जखमेचा कण खरवडून काचेवर घ्यावयाचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. बुरशीचे धागे काही मिनिटांत दिसतात. बुरशीवर नॅटामायसिन नावाचे थेंबांचे औषध आहे. ते २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आले. ते कित्येक आठवडे घालावे लागते, आणि जितक्या लवकर सुरू होईल तितके डोळ्याचे जास्त वाचते.

त्याहून सोपी गोष्ट नेपाळातील भक्तपूरची. तेथे गावातील साध्या कार्यकर्त्यांना शिकवून, डोळ्याला ओरखडा पडलेल्यांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम लावले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाप्रमाणे ४४२ जणांपैकी ४२४ जणांचा ओरखडा संसर्गाशिवाय भरला. आणि ज्यांचा उपचार अठरा तासांच्या आत सुरू झाला त्यांच्यापैकी एकाचीही जखम चिघळली नाही. पुढे नेपाळातच गावेच्या गावे वाटून मोठा प्रयोग झाला, त्यात एवढे स्पष्ट यश दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे. गावात मलम ठेवले की काम संपले असे नाही. लोकांनी वेळेवर यावे लागते. पण लवकर आलेल्याचा डोळा वाचण्याचा संभव अधिक, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही. आमच्या बाईला अठरा तासांत कोणी दवाखान्यात नेले नाही, कारण त्या अठरा तासांची किंमत एक खाडा होती.

आणखी एक प्रकार थोडक्यात. डोळ्याच्या आतला दाह. याची कारणे शोधताना वैद्य साऱ्या शरीराचा शोध घेतात. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, म्हणून आपल्याकडे अशा डोळ्यामागे क्षय आहे का हे पाहावेच लागते. लेप्टोस्पायरा हा दुसरा. उंदरा-गुरांच्या मुतातून तो साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरतो. ताप येऊन जातो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोळा धुरकट होतो. १९९३ च्या पुरानंतर मदुरैत असे रुग्ण एकदम दिसू लागले. पावसाळ्यात गुडघाभर चिखलात भात लावणाऱ्या आमच्या आयाबहिणींनी हे लक्षात ठेवावे; तापाची हकीकत डोळ्याच्या डॉक्टरला आवर्जून सांगावी.

सामान्य माणसाने ओळखावे कसे? फार खाज आणि दोन्ही डोळे लाल, तर बहुधा वावडे. चिकट घाण आणि घरात आणखी कोणाचे आलेले, तर बहुधा साथ. पण एकच डोळा, ठणका, उजेड सोसत नाही, दिसणे कमी झाले, किंवा आधी काही लागलेले आहे, असे असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. ज्या मुलुखात नारायणगावचे मोहन ठुसे नेत्र रुग्णालय उभे राहिले आणि ज्याच्या कामासाठी डॉ. मनोहर डोळे यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली, त्या मुलुखात नेत्रतज्ज्ञ नाही म्हणून डोळा गेला असे म्हणता येणार नाही. अडचण अंतराची थोडी आणि सवडीची जास्त आहे.

आता पुन्हा त्या कचेरीतल्या वाक्याकडे येऊ. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने एक डोळा गेल्यास कमाईच्या शक्तीची हानी शेकडा ४०, आणि डोळा जागेवर राहून नुसती दृष्टी गेल्यास शेकडा ३० धरली होती. हा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलेला आहे. पण मजुराची गाडी दोन ठिकाणी अडते. पहिले, मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादम कारखान्याकडे. दुसरे, अपघात की रोग? आमचे उत्तर आज तयार आहे. बुरशी हवेतून अखंड डोळ्यावर बसत असते आणि अखंड डोळ्याला ती काही करीत नाही. तिला दार उघडून दिले ते उसाच्या पात्याने. ते पाते कामावर लागले. आणि दार उघडे राहिले ते खाड्याच्या भीतीने. चोर घरात शिरला म्हणून दार फोडणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

परंतु हे उत्तर देण्यास नोंद लागते. कोणत्या दिवशी, कोणत्या फडात, काय लागले, कोणी पाहिले, दवाखान्यात कधी गेले, कोणते थेंब घातले. ती नोंद त्या वेळी आमच्यापाशी नव्हती, आणि ही चूक कचेरीची नव्हती, आमची होती. संघटना मजुरीचा पैसा न्‌ पैसा लिहून ठेवीत होती. डोळ्याला काय लागले ते मात्र कोणी लिहिले नव्हते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण आम्ही त्या दिवशी स्वतःला लावून घेतली.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक टोळीत एक वही असते. तिच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत. डोळ्याला लागले की त्याच दिवशी दवाखाना. तपासल्याशिवाय थेंब नाहीत. आणि डोळ्यासाठी गेलेल्या दिवसाचा खाडा नाही. पहिल्या दोन गोष्टी आम्ही आमच्या माणसांना समजावून घेतल्या. चष्म्याचा आग्रहही धरून पाहिला, पण घामाने काच धुरकट होते म्हणून तोडणीत तो फारसा टिकला नाही; मळणीयंत्रावर आणि फवारणीला मात्र टिकला. तिसरी गोष्ट काही मुकादमांनी मान्य केली आहे, बऱ्याच जणांनी अद्याप नाही. बाकीच्यांशी बोलणी चालू आहेत.